कोकणात समुद्रकाठी हॉटेल बांधताय? पश्चिमेच्या या चुका टाळा

कोकणात समुद्र पश्चिमेला. दुपारनंतरचं ऊन पश्चिमेचं आणि पावसाची झडही बहुतेक तिकडूनच. नकाशा काढताना फक्त समुद्र आठवतो, उरलेल्या दोन गोष्टी खोलीत पाहुणे राहायला आले की कळतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे समुद्राकडची अख्खी भिंत काचेची करणं. मे महिन्यात एका रिसॉर्टमध्ये दुपारी ४ वाजता अशा खोलीत शिरले. एसी १८ वर, तरी काचेला हात लावला की चटका बसत होता. पाहुण्यांनी जाड पडदे ओढून घेतले होते. ज्या समुद्रासाठी जास्तीचं भाडं भरलं, तोच दिसत नव्हता. मालकांनी विचारलं, "दीडऐवजी दोन टनाचा एसी लावू का?"

नका लावू. आधी छज्जा बघा. एप्रिलात संध्याकाळी ५ वाजता सूर्य इतका उतरलेला असतो की २ फुटी छज्ज्याची सावली काचेवर जेमतेम फूटभर येते. तिथे पडवीच हवी. ८ फूट रुंद, कौलारू, कडा जमिनीपासून ७ फुटांवर आणलेली. मग ५ वाजताचं ऊनही काचेवर कमरेच्या वर चढत नाही, आणि झडीपासूनही बराच बचाव होतो. बांधून झालं असेल तर बांबूचे चिक सोडा, पण काचेच्या बाहेरून. आतला पडदा डोळ्यांवरचं ऊन अडवतो, उष्णता तोवर आत आलेली असते.

दुसरी चूक जांभ्याची. या लाल दगडाच्या चिऱ्यांनी बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक पेंट दिला की दगडाने प्यायलेलं पाणी बाहेर पडत नाही. जुलैत पोपडे निघतात, खोलीला कुबट वास येतो. सुवासिक फवारे मारून तो जात नाही. पावसाळा संपल्यावर गिलावा खरवडून चुन्याचा करा. कपाटं पश्चिमेच्या भिंतीपासून ३-४ इंच पुढे ओढा.

समुद्राची खारी हवा लोखंडाला खाते. बिजागऱ्या, कड्या स्टेनलेस स्टीलच्या किंवा पितळी घ्या.

आणि दोन्हीकडे खोल्या, मधे बंद पॅसेज, ही रचना शक्यतो नकोच. वारा एका खिडकीतून येतो, पण बाहेर पडायला वाट नसते. श्रीलंकेत दांबुल्लाजवळ वास्तुविशारद जेफ्री बावांनी १९९०च्या दशकात कंडलामा हॉटेल बांधलं, तिथे खोल्यांकडे जाणारे व्हरांडे उघडेच आहेत. तुमचा पॅसेज आधीच बंद असेल, तर त्याच्या दोन्ही टोकांच्या भिंती उघडून जाळी बसवा आणि प्रत्येक दारावर झडप असलेला झरोका ठेवा. एसी चालू असताना झडप मिटायची, बंद केला की उघडायची.