सगळा कापूस भिजला नाही : यवतमाळच्या गावातून अर्थविज्ञानाच्या वर्गात

भाषाविज्ञानाच्या एमएच्या पहिल्या वर्षाची दिवाळी जवळ आली होती. मी पुण्यात, घरी यवतमाळ जिल्ह्यात वेचणी सुरू, आणि मध्येच पाऊस. रात्री बाबांचा फोन आला, "सगळा कापूस भिजला नाई." पोटात गोळा आला. सगळाच्या सगळा वाचला, की थोडा भिजला नि थोडा वाचला?

"बाबा, काही तरी भिजला का?"

"हो वं, धुऱ्याकडचा भिजला. बाकी वाचला."

त्याच आठवड्यात वर्गात 'व्याप्ती', म्हणजे वाक्यातल्या एखाद्या शब्दाचा अंमल कुठवर चालतो ते, शिकवली होती आणि फळ्यावरची चिन्हं मला काही केल्या उमगत नव्हती. फोन ठेवल्यावर उमगली. 'सगळा भिजला, असं नाही' हा एक अर्थ. त्यात थोडा भिजलेला असू शकतो. 'सगळ्यातलं एकही बोंड भिजलं नाही' हा दुसरा. शब्द तेच, क्रमही तोच. 'नाही'चा अंमल 'सगळा'वर चालतो की 'सगळा'चा 'नाही'वर, एवढाच फरक, आणि त्या फरकात आमचं वर्षाचं पीक होतं.

आकारिक अर्थविज्ञान म्हणजे हेच काम. वाक्याचा अर्थ कळणं म्हणजे ते खरं ठरायला जग कसं असावं लागेल ते कळणं, इथून सुरुवात होते. मग शब्दांच्या अर्थांतून आणि त्यांच्या जोडणीतून अख्ख्या वाक्याचा अर्थ कसा उभा राहतो ते दाखवायचं. या विचाराचं मूळ जर्मन तर्कज्ञ फ्रेगेपाशी नेलं जातं. माणसं रोज बोलतात त्या भाषांनाही तर्कशास्त्राची शिस्त लावता येते हे रिचर्ड मॉन्टेग्यूने १९७०च्या सुमारास दाखवलं; १९७१ साली तो गेला आणि त्याचा सर्वांत गाजलेला निबंध १९७३ साली, त्याच्या मागे छापून आला. भाषावैज्ञानिकांपर्यंत ते काम पोचवलं ते बार्बरा पार्टी यांनी.

गणिताची भीती वाटत असेल तर नववीचं गणित भाग १ काढा. पहिलाच धडा 'संच'. मी दहावीनंतर कला शाखेची, बीए मराठीत. तो धडा मी पुन्हा पहिल्यापासून सोडवला. 'सगळ्या बाया आल्या' म्हणजे बायांचा संच हा आलेल्यांच्या संचाचा उपसंच. संच, मग फलन (एक वस्तू दिली की ठरलेली दुसरी देणारा नियम), मग विधेय तर्कशास्त्र ('सगळे', 'काही', 'नाही' यांचा हिशोब), मग लॅम्डा हे ग्रीक अक्षर. हा क्रम मोडू नका. लॅम्डाचंही एवढं काही नाही. 'अमक्याने तमकं वेचलं' यात दोन रिकाम्या जागा आहेत, कोणती आधी भरायची याची ती खूण. हाइम आणि क्रात्झर यांचं अर्थविज्ञानाचं १९९८चं पाठ्यपुस्तक बहुतेक ठिकाणी लावतात. सुरुवातीला मला एक पान वाचायला दोन दिवस लागायचे. लागू द्या. पण उदाहरणं वाचून पुढे सरकू नका, प्रत्येक उदाहरण वहीत मराठीत करून बघा. कित्येकदा ते मराठीत जमत नाही, आणि जिथे जमत नाही तिथेच काहीतरी सापडतं.

आता बोलीचं. पहिले काही महिने मी वर्गात तोंड उघडत नव्हते. 'जेवून रायला' तोंडून निघालं की मुलं हसायची. पुण्याच्या माणसाला 'तो जेवून राहिला' ऐकून वाटतं, जेवण आटोपलं आणि गडी मुक्कामाला थांबला. आपल्याकडे विदर्भात तो अजून ताटावरच असतो! एका तासाला सरांनी चालू क्रियेची उदाहरणं मागितली आणि मी हे सांगितलं, तेव्हा उरलेला तास त्याच्यावरच गेला. 'आजकाल तो लय पिऊन रायला' चालतं का? चालतं. मग सवय आणि चालू क्रिया यांची सीमा कुठे? ही सामग्री ग्रंथालयात नाही, तुमच्या ओसरीवर आहे. ती लाजून सोडून देऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगते.

प्रवेशासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज, मुंबई विद्यापीठ, हैदराबादचं इफ्लू (इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ), दिल्लीचं जेएनयू (जवाहरलाल नेहरू विद्यापीठ) ही नावं पाहा. मात्र भाषाविज्ञान विभाग आहे म्हणजे अर्थविज्ञान खोलात शिकवतीलच असं नाही. हा विषय कोण शिकवतं ते अर्ज भरण्याआधी विचारून घ्या. प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेत भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. नोकऱ्या थोड्या आहेत : अध्यापन, संशोधन, थोडंफार भाषा तंत्रज्ञानात. घरी हे आधीच मोकळेपणाने सांगा. मी ते उशिरा सांगितलं आणि एक उन्हाळा फार अवघड गेला.

एक छोटी वही सोबत ठेवा. न चालणाऱ्या वाक्याआधी भाषाविज्ञानात तारा (*) काढायची पद्धत आहे. मागच्या सुट्टीत आजी सरकीच्या पोत्याला टेकून बसली होती. मी एकेक वाक्य म्हणत होते, ती मान हलवत होती. 'सूर्य रोज पूर्वेला उगवून रायला' म्हटलं तशी ती थांबली.

"असं कोनी बोलते काय वं?"

मी वहीत तारा काढला.