मुलांच्या शिक्षकांशी बोलण्यापूर्वी त्यांचा विषय समजून घ्यावा

गणिताचे सर तापट, मराठीच्या बाई हळव्या, समाजविज्ञानाचे सर गोष्टीवेल्हाळ आणि पीटीचे सर सर्वांचे लाडके, अशी विभागणी बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांतील मुले जूनच्या पहिल्या आठवड्यातच करून टाकतात. घरी ते ऐकून पालकांनाही आपले जुने मास्तर आठवतात आणि ते मान डोलावतात. या समजुतीत तथ्य आहे. परंतु तिचे कारण माणसापेक्षा त्याच्या हातातील विषयात अधिक असते. ते ओळखता आले, तर मुलाने कोणत्या शिक्षकापुढे काय घेऊन जावे, हे त्याला नीट सांगता येते.

हे मला पुस्तकातून कळले नाही. खानापूर तालुक्यातील एका हायस्कुलात मी मराठी शिकवत असताना एका वर्षी गणिताची जागा रिकामी राहिली आणि आठवीचे गणिताचे तास माझ्याकडे आले. मराठीच्या तासाला एखाद्या मुलाने कवितेचा निराळाच अर्थ लावला, तर मला आनंद होत असे. त्याच मुलाने उणे तीन गुणिले उणे दोन यांचे उत्तर फळ्यावर उणे सहा लिहिले, की माझा आवाज चढत असे. दिवाळीच्या आधी एक मुलगी वही द्यायला आली आणि हळूच म्हणाली, "बाई, मराठीच्या तासाला तुम्ही अशा नसता." त्या संध्याकाळी घरी जाताना मी त्याच एका वाक्याचा विचार करीत होते. मी तीच होते. मात्र गणितात आज राहिलेली चूक उद्याच्या समीकरणात शिरते, परवाच्या उदाहरणात वाढते आणि चाळीस मुलांचा तास तिथेच अडतो. ही घाई शिक्षकाच्या आवाजात उतरते.

म्हणून पहिली गोष्ट अशी करावी, की शिक्षकाच्या स्वभावाविषयी मत बनवण्यापूर्वी त्यांच्या विषयात उत्तर एकच असते की अनेक, आणि झालेली चूक पुढे किती दूर जाते, हे मुलाबरोबर बसून पाहावे. गणिताच्या शिक्षकांकडे जाताना "मला हे येत नाही" एवढेच सांगू नये. कच्ची वही उघडून ज्या पायरीवर गाडी अडली, तिथे बोट ठेवावे. दहावीच्या परीक्षेतही पायऱ्यांना गुण असतात, त्यामुळे खोडलेली पायरी दाखवण्यात लाज नाही. नेमका प्रश्न विचारला, की तापट म्हणून प्रसिद्ध असलेले सरही बहुधा शांतपणे खडू हातात घेतात.

मराठीच्या शिक्षकांचे उलटे असते. तिथे "माझा अर्धा गुण का कापला?" या प्रश्नाने संवाद सुरू करू नये, तर आपण लिहिलेला परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवावा. मात्र त्यांचा हळवेपणा गृहीत धरू नये. कर्नाटकच्या दहावीच्या परीक्षेत एकूण ६२५ गुणांपैकी १२५ गुण प्रथम भाषेचे आणि उरलेल्या पाच विषयांचे प्रत्येकी १०० असतात. शिवाय निबंध व पत्रे तपासताना ओळ न् ओळ वाचावी लागते. जानेवारीनंतर याच बाई ऱ्हस्व-दीर्घावरून कडक होतात, त्यामागे वह्यांचा तो ढीग असतो.

आपल्या भागात सर्वांत अधिक गैरसमज कन्नडच्या शिक्षकांविषयी असतो आणि त्यावर मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. मराठीत ए आणि ओ यांचे ऱ्हस्व व दीर्घ असे वेगळे भेद लिहिले जात नाहीत. कन्नडमध्ये ते आहेत आणि त्यांनी अर्थ बदलतो. 'कोडु' यातील ओ आखूड उच्चारला तर 'दे' आणि लांबवला तर 'शिंग'. घरात दिवसभर मराठी बोलणाऱ्या मुलाच्या कानाला हा फरक लागतच नाही, आणि शिक्षकांना तो इतका उघड वाटतो, की मूल मुद्दाम दुर्लक्ष करते असा त्यांचा समज होऊ शकतो. अशा वेळी "ते आपल्या मुलांवर राग काढतात" असे जेवताना बोलू नये. १९५६ पासूनचा सीमाप्रश्न आपल्या जागी खरा आहे, आपल्या मनातली खंतही खरी आहे. पण तिचे ओझे तेरा वर्षांच्या मुलाने वर्गात वाहू नये. मुलाला दोन्ही उच्चार एकापाठोपाठ म्हणून दाखवण्याची विनंती करण्यास शिकवावे आणि भेटल्यावर 'नमस्कार सर, बर्री' (बर्री म्हणजे 'या') एवढे तरी कन्नडमधून म्हणू द्यावे. त्या एका 'बर्री'ने चेहरा बदललेला मी अनेकदा पाहिला आहे.

विज्ञानाच्या शिक्षकांना 'का' विचारलेले आवडते, समाजविज्ञानाच्या शिक्षकांना ऐकणारा आवडतो. पीटीच्या सरांचा मोकळेपणा मैदानातला आहे. तेच सर प्रार्थनेच्या रांगेत कडक होतात, याचे नवल वाटू नये.

एक मर्यादा मात्र स्पष्ट ठेवावी. विषय कठीण आहे म्हणून मारणे किंवा अपमान करणे क्षम्य ठरत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे. असे घडत असेल, तर स्वभाव समजून घेत बसू नये. मुख्याध्यापकांना लेखी कळवावे आणि पोच घ्यावी.

बाकी सर्व गोष्टींसाठी सहामाहीच्या उत्तरपत्रिका हातात आल्यावर शिक्षकांना भेटावे. पालकसभेच्या गर्दीत बोलणे होत नाही, म्हणून वेळ आधी विचारून घ्यावी. मुलाला सोबत न्यावे, त्या विषयाची वही न्यावी, आणि प्रश्न मुलालाच विचारू द्यावा.