पडून राहिलेला ट्यूब ॲम्प चालू करताना

वर्षानुवर्षं बंद असलेला ट्यूब ॲम्प (काचेच्या व्हॅक्यूम नळ्यांवर चालणारा ॲम्प्लिफायर) थेट प्लगात लावू नका. आधी स्पीकर जोडलेला आहे ना, ते पाहा. लोडशिवाय वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तसा जुना पुन्हा मिळणं कठीण. लहान ॲम्पसाठी ६० वॉटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे वीज बल्बमधून पुढे ॲम्पला जाईल असा, लावा. एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लख्खच राहिला तर आत शॉर्ट असण्याची शक्यता मोठी, लगेच बंद करा.

मोठी घरघर येत असेल तर बहुतेक फिल्टर कपॅसिटर (वीज साठवून पुरवठा सपाट करणारे भाग) वाळलेत. इथे खरा धोका आहे: प्लग काढल्यावरही त्यांत ४०० व्होल्ट उरू शकतात. १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरमधून ते उतरवा आणि मीटरवर शून्य दिसल्याशिवाय हात घालू नका. पॉवर ट्यूब बदलल्या, तर फिक्स्ड बायसच्या ॲम्पमध्ये बायस (ट्यूबमधून शांत असताना किती करंट वाहील ते ठरवणारी सेटिंग) पुन्हा लावून घ्या.