फेरस लोह प्रयोगशाळेपर्यंत टिकेना, तेव्हा
भूजलातल्या फेरस (Fe²⁺, विरघळलेल्या रूपातल्या) लोहाचे आकडे सारखे कमी येत होते. बाटलीच्या तळाशी तांबूस गाळ दिसला आणि कारण कळले: उदासीन पाण्याला हवा लागली की फेरसचे फेरिक (Fe³⁺) होऊन खाली बसते. मग ज्या रंगावरून फेरस मोजतो, तो नमुना घेतो तिथेच आणायला लागलो. सिरिंजमध्ये एकही बुडबुडा न ठेवता नमुना घ्यायचा आणि 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून थेट बफर (आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण) व फेरोझिन (फेरसबरोबर रंग देणारे रसायन) असलेल्या बाटलीत सोडायचा. जांभळा रंग लगेच चढतो. तो 562 नॅनोमीटरला मोजायचा. बाटली फॉइलमध्ये गुंडाळाच, उजेडात फेरिकचे पुन्हा फेरस होते. एकूण लोहासाठी नमुन्याच्या वेगळ्या भागात आम्ल आणि फेरिकचे फेरस करणारे हायड्रॉक्सिलअमाइन. एकूणातून फेरस वजा केले की फेरिक. मात्र न विरघळलेले बारीक कलिल (पाण्यात तरंगत राहणारे) कण फिल्टरमधून निसटतात, म्हणून त्या आकड्याला मी ‘विरघळलेले फेरिक’ म्हणत नाही.