बापाने मेंढी चोरली, आता पोराने काय करायचं? चिनी तत्त्वज्ञान वाचायची एक सोपी पद्धत

चिनी तत्त्वज्ञान वाचायचं म्हटलं की आपण सुरुवात करतो नावांपासून, कन्फ्युशियस असं म्हणाला, लाओत्से तसं म्हणाला, मग ताओ म्हणजे काय, यिन-यांग म्हणजे काय, आणि चार दिवसांत सगळ्याचा काला होतो, लक्षात राहतात ते फक्त व्हॉट्सॲपवर फिरणारे सुविचार. मी पण हेच केलंय, दोनदा. तिसऱ्या वेळी उलटं केलं, एकच केस धरली आणि प्रत्येकाला तोच प्रश्न विचारत गेलो, मग कोण कुठे उभा आहे आणि त्याचा राज्यकारभाराशी काय संबंध हे भराभर कळायला लागलं. तीच पद्धत सांगतो.

केसच्या आधी थोडा वेळ तो काळ समजून घ्यायला द्या. चीनवर राज्य करणाऱ्या झोउ घराण्याची सत्ता इ.स.पू. ७७० नंतर नावापुरतीच उरली, राजधानी पूर्वेला लुओयांगला न्यावी लागली, सरदार स्वतःच राजासारखे वागायला लागले आणि एकमेकांची राज्यं गिळायला लागले. इ.स.पू. ४७५ ते २२१ या काळाचं तर नावच आहे लढणाऱ्या राज्यांचा काळ. अशा वेळी प्रत्येक राजाला सल्लागार हवा होता आणि हे आपले तत्त्वज्ञ बरेचसे त्याच नोकरीच्या शोधात फिरत होते. कन्फ्युशियस (इ.स.पू. ५५१ ते ४७९) लू राज्याचा, पण कितीतरी वर्षं दरबारोदरबारी फिरला आणि मनासारखं पद काही मिळालं नाही. म्हणून यांचं कुठलंही वाक्य वाचताना मनात विचारायचं की हे कोणत्या राजाला, कशासाठी सांगितलं जातंय. निम्मं कोडं तिथेच सुटतं.

आता केस. ही मी रचलेली नाही, कन्फ्युशियसच्या संवादांच्या ग्रंथात (ॲनालेक्ट्स) आहे. एका सरदाराने कन्फ्युशियसला कौतुकाने सांगितलं की आमच्याकडे एक इतका सरळ माणूस आहे की बापाने मेंढी चोरली तर त्याने स्वतः जाऊन बापाविरुद्ध साक्ष दिली. कन्फ्युशियस म्हणाला, आमच्याकडे सरळपणा वेगळा असतो, बाप पोराला पाठीशी घालतो, पोरगा बापाला, आणि सरळपणा त्यातच आहे.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे सरळसरळ घराणेशाहीचं समर्थन वाटलं होतं. पण त्याचं गणित बघा, माणूस आदर करायला, मर्यादा पाळायला, दुसऱ्याचं मन ओळखायला शिकतो ते घरात, आणि तेच पुढे गावात आणि राज्यात जातं, मग राज्याने घरातलाच धागा तोडला तर वर राहणार काय? राजा-मंत्री, बाप-मुलगा, नवरा-बायको, थोरला-धाकटा भाऊ, मित्र-मित्र ही पाच नाती पुढे कन्फ्युशियसच्या परंपरेचा पाया झाली, त्यात राज्याचं नातं एकच आहे आणि घरातली तीन.

मग हीच केस हान फेईकडे न्या. हा कायदावाद्यांचा, म्हणजे राज्य कडक कायदे आणि शिक्षेवरच चालतं असं मानणाऱ्यांचा, सगळ्यात धारदार लेखक, मृत्यू इ.स.पू. २३३. तोही हीच गोष्ट सांगतो, पण त्याच्या गोष्टीत अधिकारी त्या पोरालाच मारून टाकतो, का तर राजाशी इमानदार पण बापाशी बेइमान. त्यावर हान फेई म्हणतो, बघा काय झालं, आता चोरीची खबर द्यायला कोणी पुढे येणारच नाही. बापाचा चांगला मुलगा हा राजाचा वाईट प्रजाजन असू शकतो, दोन्ही एकदम जपता येत नाही. त्याच्या आधी शांग यांग या मंत्र्याने छिन राज्यात इ.स.पू. ३५६ च्या सुमारास ज्या सुधारणा केल्या त्यात घरांचे पाच-पाच, दहा-दहाचे गट पाडले होते, एकाने गुन्हा केला तर बाकीच्यांनी कळवायचं, नाही कळवलं तर त्यांनाही शिक्षा. हान फेईला चिनी चाणक्य म्हणून मोकळं होऊ नका बरं का, तशी तुलना केली की वाचणं थांबतं.

मोझी या तत्त्वज्ञाच्या पंथाची माणसं तिसऱ्याच टोकाला. त्यांचं म्हणणं, स्वतःच्या बापावर जेवढी माया तेवढीच दुसऱ्याच्या बापावर ठेवा, म्हणजे मेंढी चोरायचा प्रश्नच येणार नाही. ऐकायला गोड वाटतं, पण त्यांच्या एका प्रमुखाची गोष्ट वाचा, त्याच्या एकुलत्या एका मुलाने खून केला, छिनच्या राजाने बापाचं वय बघून माफी दिली, आणि बापानेच ती नाकारून पंथाच्या नियमाप्रमाणे मुलाला देहदंड दिला. सगळ्यांवर सारखी माया म्हणजे हे पण आलं.

लाओत्से या केसमध्ये सरळ उत्तरच देत नाही, तो विचारणाऱ्यालाच उलटा फिरवतो. घरातली नाती बिघडली की मग पितृभक्तीचे गोडवे गायले जातात, आणि कायदे जितके वाढवाल तितके चोर वाढतात, असा त्याचा सूर. मोठं राज्य चालवणं म्हणजे छोटा मासा शिजवण्यासारखं आहे असं त्याच्या नावावरच्या ताओ ते चिंग या ग्रंथात आहे, म्हणजे सारखा उलटवत बसलात तर मोडणार. हे वाक्य पण राज्यकर्त्यालाच उद्देशून आहे, ताओ, म्हणजे त्याने सांगितलेली वाट, ही फक्त डोंगरावर जाऊन ध्यान लावणं असं समजू नका.

आणि माझं सगळ्यात आवडतं उत्तर मेन्शियसचं, हा कन्फ्युशियसच्या परंपरेतला पुढचा मोठा तत्त्वज्ञ. त्याला शिष्याने पेच टाकला की आदर्श सम्राट शुनच्या बापाने खून केला तर? मेन्शियस म्हणतो, न्यायाधीश बापाला पकडेल आणि शुनने त्याला अडवायचं नाही. मग शुन काय करेल? जुनी चप्पल टाकावी तसं साम्राज्य टाकून देईल, बापाला पाठीवर घेऊन समुद्राकाठी पळून जाईल आणि तिथे आनंदात राहील. सम्राट म्हणून कायदा पण अडवला नाही, बाप पण सोडला नाही, खुर्ची सोडली. हे पटो न पटो, विसरता येत नाही.

इथपर्यंत आलात की पुढची पायरी म्हणजे प्रत्यक्षात कायद्यात काय उतरलं ते बघायचं, बरेच लोक इथेच थांबतात आणि इथेच खरी मजा आहे. छिनने इ.स.पू. २२१ मध्ये सगळा चीन एका छत्राखाली आणला, लिपी, वजनंमापं, गाड्यांच्या चाकांमधलं अंतर सगळं एकसारखं केलं, आणि पंधराएक वर्षांत ते घराणं बुडालं. पुढच्या हान घराण्याच्या काळातल्या लोकांनी लिहिलं की छिनचा कायदा भयंकर क्रूर होता, पावसामुळे उशीर झाला तरी देहदंड, म्हणून तर बंड पेटलं. पण १९७५ साली हुबेईमध्ये शुइहुदी इथे एका छिन अधिकाऱ्याच्या थडग्यात हजाराहून जास्त बांबूच्या पट्ट्या सापडल्या, त्यावर त्या काळचे कायदे लिहिलेले, आणि त्यात वेठबिगारीला तीन ते पाच दिवस उशीर झाला तर नुसती कानउघाडणी, दहा दिवसांपर्यंत एका ढालीचा दंड, त्याच्यावर गेलं तर एका चिलखताचा, आणि पावसाने अडलं तर माफ. सैन्याचा नियम वेगळा असू शकतो हे खरं, पण हरलेल्याचा इतिहास जिंकलेल्याच्या तोंडून ऐकताना जरा सावध राहा. आणि आपल्या केसच्या दृष्टीने अजून गंमत, त्याच पट्ट्यांत असंही आहे की बापाने घरातल्या घरात जे काही केलं त्याबद्दल पोराची फिर्याद ऐकून घ्यायची नाही. म्हणजे इतकं कडक छिन, पण घराच्या उंबऱ्यावर तेही थबकत होतं.

हान सम्राट वूने इ.स.पू. १२४ मध्ये राजधानीत कन्फ्युशियन ग्रंथ शिकवायला विद्यापीठ काढलं, सुरुवातीला विद्यार्थी पन्नास. तिथून मग ग्रंथ शिका आणि सरकारी नोकरी मिळवा ही वाट पडली, पुढे परीक्षा आल्या आणि त्या १९०५ मध्ये बंद होईपर्यंत टिकल्या, त्यावर वेगळं लिहावं लागेल. आपली मेंढी मात्र सोडू नका. इ.स.पू. ६६ मध्ये सम्राट श्वानने फर्मान काढलं की आईबापाचा गुन्हा लपवणाऱ्या मुलावर खटला चालवायचा नाही. आणि याच सम्राटाने, शिक्षा फार कडक आहेत म्हणणाऱ्या स्वतःच्या मुलाला झापलं होतं की आपलं घराणं सद्गुण आणि सक्ती हे दोन्ही मार्ग मिसळून चालतं, नुसत्या सद्गुणावर नाही. वरून कन्फ्युशियस, आतून कायदावाद म्हणतात ते हेच. ६५३ सालच्या तांग घराण्याच्या कायद्यात तर आईबापावर फिर्याद करणाऱ्या पोरालाच गळा आवळून देहदंड होता, फक्त राजद्रोहासारख्या गुन्ह्यांना यातून वगळलं होतं. ती वगळण्याची यादी नीट वाचा, राजाने घराला किती जागा दिली आणि कुठे हात आखडला ते तिथे दिसतं.

हीच पद्धत दुसऱ्या केसवर वापरायची असेल तर मिंग घराण्याच्या काळातलं १५७७ साल घ्या. आईबाप गेले की अधिकाऱ्याने २७ महिने पद सोडून घरी सुतक पाळायचं हा नियम, आणि नेमके तेव्हा मुख्य मंत्री झांग ज्युझेंगचे वडील वारले. सम्राट वानली अजून पोरवयाचा, कारभार सगळा झांगवर, सम्राटाने त्याला जाऊ दिलं नाही, ज्यांनी याला विरोध केला त्यातल्या काही अधिकाऱ्यांना दरबारात फटके बसले. आता वही घ्या, पाच रकाने पाडा, आणि कन्फ्युशियस, मेन्शियस, मोझी, लाओत्से, हान फेई यांनी झांगला काय सांगितलं असतं ते स्वतः लिहून बघा. मेन्शियसचा रकाना सगळ्यात शेवटी भरा, तिथेच अडायला होतं.