क्रेडिट रिपोर्टमधली चूक दुरुस्त कशी करून घ्यावी

भारतात कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. चारही मागवा, चूक एकीकडे असते, दुसरीकडे नसते. स्वतःचा रिपोर्ट पाहिल्याने स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून दिलेले गुण, घटत नाही.

३०० ते ९०० मधला हा स्कोअर बाजूला ठेवा आणि आधी खात्यांची यादी वाचा. फेडलेलं कर्ज अजून चालू दिसतंय का? न घेतलेलं कर्ज आहे का? सर्वांत जास्त त्रास देतो तो 'सेटल्ड' हा शेरा. बँकेशी तडजोड करून कमी रक्कम भरली की तो लागतो आणि पुढचं कर्ज अडतं. पूर्ण पैसे भरूनही तो दिसत असेल, तर बँकेचं 'नो ड्यूज' म्हणजे काही बाकी नसल्याचं पत्र शोधून काढा.

मग ज्या कंपनीच्या रिपोर्टमध्ये चूक आहे तिच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. पैसे लागत नाहीत. मात्र कंपनी स्वतःहून नोंद बदलत नाही, ती बँकेला विचारते. तक्रार इथेच अडकू शकते. म्हणून त्याच दिवशी बँकेलाही कागदपत्रांसह ईमेल करा आणि दोन्हीकडचे तक्रार क्रमांक जपून ठेवा.

तक्रार निकाली काढायची मुदत ३० दिवसांची आहे. त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे, ती मागाच. तरीही दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, मोफत तक्रार करता येते.