गॅस गीझर बसवताना या चुका टाळा (सेन्सर काढायला मला बोलावू नका)

थंडी पडली की माझा फोन वाजायला लागतो आणि पलीकडून पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच, "दादा, गीझर मध्येच बंद पडतोय, सेन्सर गेलाय वाटतं, तेवढा काढून टाका ना." काढून टाका! जणू काही शर्टाचं लेबल टोचतंय. अहो, हवेतला ऑक्सिजन कमी झाला की गीझर बंद करायचा, हेच तर त्या सेन्सरचं काम. गीझर बसवायची आणि दुरुस्तीची कामं करून मला इतकी वर्षं झाली, पण लोकांच्या चुका काही बदलत नाहीत, त्याच त्या चुका फिरून फिरून येतात. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवून देईन.

बाथरूमच्या आत गीझर, आणि वर खिडकी बंद

ही माझी लाडकी चूक आहे, म्हणजे सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी, त्यामुळे हिच्याबद्दल जरा जास्तच बोलणार.

आधी साधा हिशोब बघा. सहा लिटरचा इन्स्टंट गीझर पूर्ण पेटला की तासाला जवळपास एक किलो एलपीजी खातो, म्हणजे स्वयंपाकघरातले चार-पाच बर्नर एकदम मोठे करून ठेवल्यासारखं झालं. एक किलो एलपीजी नीट जळायला साधारण 12 घनमीटर हवा लागते. आता चार बाय सहाचं बाथरूम धरा, उंची आठ फूट, आत मिळून हवा किती तर साडेपाच घनमीटरच्या आसपास. दहा मिनिटांच्या आंघोळीत गीझर त्यातली जवळपास दोन घनमीटर हवेएवढा ऑक्सिजन संपवतो आणि जळालेला गॅस तिथेच सोडतो, तुमच्या नाकासमोर. हवेत ऑक्सिजन असतो 21 टक्के, तो 18 च्या आसपास उतरला की ज्योत बिघडायला लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो. बंद बाथरूममध्ये त्याला चार-पाच मिनिटं पुरतात. दहा मिनिटंसुद्धा नाही.

तर गोष्ट अशी. एका घरी बोलावलं, तक्रार तीच, पाचव्या मिनिटाला गीझर बंद. मी गेलो, गीझर बाथरूमच्या आत, धूर बाहेर न्यायला पाइपच नाही, आणि वरच्या काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीवर थर्माकोलची शीट, चारही बाजूंनी ब्राउन टेप मारून. का? तर कबुतरं येतात आणि गार वारा येतो. मी दार आतून लोटलं, पाणी सोडलं आणि नुसता ज्योतीकडे बघत उभा राहिलो. पहिली दोन मिनिटं छान निळी, आखूड, सरळ. मग टोकं पिवळी व्हायला लागली, ज्योत लांब आणि आळशी झाली, वरच्या पत्र्याला चाटायला लागली, आणि टक्. बंद. म्हणजे ऑक्सिजनचा सेन्सर अगदी चोख काम करत होता. मी पटकन दार उघडून बाहेर आलो तर बाहेर उभ्या असलेल्या वहिनी म्हणाल्या, "आमच्या मुलीला आंघोळ झाली की रोज डोकं दुखतं, नीट खात नाही ना ती, अशक्तपणा आहे." मी काय बोलणार, अंगावर काटा आला.

गीझरचं कव्हर काढलं तर हीट एक्स्चेंजरच्या (ज्योतीवर पाणी तापतं तो भाग) पातळ पट्ट्यांमध्ये काजळी, बोट फिरवलं की बोट काळं. सगळी साफ केली, थर्माकोल ओढून काढला (मागे कबुतराचं वाळकं घरटं, वरून पिसं माझ्या डोक्यावर), दार उघडं ठेवून पुन्हा पेटवला आणि वीस मिनिटं ज्योत निळीच्या निळी. तरी साहेब काय म्हणतात, "पण आमच्या जुन्या गीझरला असला सेन्सर नव्हताच, तो कधी बंद नाही पडला." अहो नाही पडला हे तुमचं नशीब! हा नवा बंद पडला नसता तर दुसरं कुणीतरी पडलं असतं. त्या दिवशी मी गॅसची नळी काढून ठेवली आणि निघालो, आठवड्याने बाहेरच्या भिंतीवर गीझर हलवला तेव्हाच परत जोडली. टाइल फोडायला लागली म्हणून ते अजून नाराज आहेत, असू देत.

माझा नियम एकच आहे, गीझर बाथरूममध्ये बसवत नाही. बाहेर, मोकळ्या हवेत, वर पावसापुरतं छप्पर, आणि गरम पाण्याची लाइन आत. पाइप चार फूट जास्त लागतो आणि पहिलं अर्धं भांडं पाणी गार येतं, एवढाच काय तो तोटा. काही लोक म्हणतात आम्ही बादली भरून घेतो, गीझर बंद करतो आणि मग आंघोळ करतो. काहीच न करण्यापेक्षा बरं आहे, पण बादली भरताना दार बंद असेल तर जळालेली हवा आतच राहते ना, ती काय तुमची वाट बघून निघून जाते?

"वास आला नाही, म्हणजे सगळं ठीक"

सिलेंडरच्या गॅसला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. पण गॅस जळाल्यावर जो कार्बन मोनॉक्साइड होतो त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही, खोकला येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, मळमळ, पायात जीव नसल्यासारखं वाटणं, लोकांना वाटतं ॲसिडिटी झाली किंवा बीपी लो झालं, मग ते तिथेच खाली बसतात आणि उठत नाहीत. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर यात फसतं, 98-99 दाखवतं आणि माणूस मात्र गंभीर असतो. त्यामुळे कुणाला असं झालं तर आधी मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि दवाखान्यात गेल्या गेल्या "गॅस गीझर चालू होता" हे स्वतःहून सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका.

ड्राय बाल्कनीला नंतर काचा लावणं

ही चूक माझी नाही, फिटरचीही नाही, ही घरमालकाची दोन वर्षांनंतरची चूक. गीझर बसवला तेव्हा बाल्कनी मोकळी होती, सगळं उत्तम. मग कुणीतरी सांगतं की धूळ येते, पाऊस येतो, कपडे वाळत नाहीत, आणि स्लायडिंगच्या काचा लागतात. झालं, मोकळ्या जागेचं कपाट झालं! त्या कपाटात गीझर, वॉशिंग मशीन, कधी कधी सिलेंडरसुद्धा, आणि बाथरूमची खिडकी नेमकी त्याच बाल्कनीत उघडणारी. काचा लावायच्याच असतील तर गीझरचा धूर पाइपने काचेच्या बाहेर काढायची सोय आधी करा आणि खाली-वर कायमची उघडी जाळी ठेवा, सरकवून बंद करता येईल अशी नको, कारण थंडीत ती बंद होतेच होते.

पाइप लावला, पण उलटा श्वास घेणारा

फ्लू पाइप, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप, लावला म्हणजे काम झालं असं समजणारे पण भरपूर आहेत. गरम धूर वर जातो, त्याला फक्त वर जायचं माहीत आहे. त्याला तुम्ही गीझरमधून निघाल्या निघाल्या एल्बो मारून आडवा नेला, मग बीम आडवा आला म्हणून खाली वाकवला, मग पुन्हा वर, तर तो मध्येच थंड होतो, अडतो आणि आल्या पावली परत येतो. आधी जेवढा सरळ वर नेता येईल तेवढा न्या, आडवा तुकडा आखूड ठेवा आणि तोही बाहेरच्या दिशेने थोडा चढता. तोंडावर टोपी, म्हणजे पाऊस आणि वारा थेट आत येणार नाही. शेजाऱ्याच्या खिडकीखाली किंवा बिल्डिंगच्या बंद डक्टमध्ये तोंड सोडायचं नाही, तुमचा धूर वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये पोचतो आणि त्यांना कळतही नाही कुठून आला. एकाने तर ड्रेनेजचा पीव्हीसी पाइप लावला होता, "पाइप तर पाइपच ना". तो मऊ होऊन मेणासारखा खाली वाकला होता. पाइप धातूचाच हवा.

आता एक्झॉस्ट फॅन. लोकांना वाटतं फॅन लावला की हवा खेळती झाली. पण दार घट्ट, खिडकी बंद आणि फॅन जोरात, तर तो हवा आणणार कुठून? जिथून रस्ता मिळेल तिथून, म्हणजे फ्लू पाइपातून, जळालेल्या गॅससकट. मी काम झालं की एकच टेस्ट करतो आणि ती कुणालाही जमते. दार बंद, फॅन चालू, गीझर पाच मिनिटं चालवायचा आणि मग एक पेटती उदबत्ती गीझरच्या वरच्या तोंडाशी, जिथून पाइप सुरू होतो तिथे धरायची. धूर पाइपात ओढला गेला तर ठीक. धूर तुमच्याकडे वळला तर गीझर बंद करा, दार उघडा आणि बाहेर या, पाइप किंवा हवेचा रस्ता चुकलाय. उदबत्ती धरायच्या आधी गळतीची टेस्ट झालेली पाहिजे, हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो, कारण घाईवाले लोक मला माहीत आहेत.

गळती काडीने बघणे

नको. साबणाचं पाणी, ब्रश, प्रत्येक जॉइंट. बुडबुडा आला की गळती. एवढंच.

एकाच सिलेंडरवर टी मारून शेगडी आणि गीझर

बाजारात मिळणारा तो छोटा पितळी टी (एका लाइनीच्या दोन करणारा जोड) आणि दोन रबरी नळ्या बघितल्या की मला घाम फुटतो. दोन्ही एकदम चालू केले की दाब पडतो, शेगडीची ज्योत लहान होते, गीझर फडफडतो, मग कुणीतरी हुशार माणूस हाय प्रेशरचा, चावी फिरवून दाब वाढवायचा रेग्युलेटर आणून लावतो. घरगुती उपकरणं साधारण 30 मिलिबारच्या दाबासाठी बनवलेली असतात, त्यावर जास्त दाब दिला की ज्योत पिवळी, काजळी, आणि मग पुन्हा पहिल्या गोष्टीपाशी आलो. गीझरला वेगळा सिलेंडर, आयएसआय मार्कची नळी, शक्य तेवढी आखूड, दोन्ही टोकांना क्लिप, भिंतीत गाडलेली नाही, आणि पाच वर्षांत बदलायची, वरून चांगली दिसत असली तरी. मी नळीवर मार्करने बसवल्याची तारीख लिहितो. गिऱ्हाईक हसतात, हसू देत.

सिलेंडर बाथरूममध्ये किंवा बंद कपाटात तर अजिबात नको. एलपीजी हवेपेक्षा जड आहे, गळला की जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागेत साचतो, म्हणून सिलेंडरच्या जागेला झरोका खालीच पाहिजे. वास आलाच तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, कुठल्याही बटणाला हात नाही, ना चालू करायला ना बंद करायला, आणि घराबाहेर येऊन 1906 या गॅस गळतीच्या हेल्पलाइनला फोन.

पाइप गॅस आला, गीझर तोच ठेवला

सिलेंडरच्या गीझरचे जेट (बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकं) वेगळे, पाइप गॅसचे वेगळे. पाइप गॅसचा गीझर सिलेंडरवर जोडला तर गरजेपेक्षा कितीतरी जास्त गॅस जळतो आणि काजळीचा कारखाना सुरू होतो. उलटं केलं तर पाणी कोमट. जेट बदलून घ्या, तेही कंपनीच्या माणसाकडून, ड्रिलने भोक मोठं करणाऱ्या कलाकाराकडून नको. हो, असे कलाकार आहेत.

वीस मिनिटांच्या कट-ऑफवर विसंबणे

बऱ्याच गीझरना वीस मिनिटांनी आपोआप बंद व्हायची सोय असते. बंद बाथरूमचा हिशोब वर दिलाय, चार-पाच मिनिटं. शिवाय नळ एकदा बंद करून उघडला की ते घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

किरकोळ, पण रोजचं

गार-गरम पाइप उलटे जोडणे, गीझर पेटत नाही, मग मला फोन. टाकी अगदी डोक्यावर असेल तर दाब पुरत नाही, गीझरचा दोष नाही. गीझरच्या वर प्लास्टिकचं फॉल्स सीलिंग, नको. वर्षातून एकदा कव्हर काढून काजळी बघणे, थंडीच्या आधी, थंडीत मला वेळ नसतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, घ्या, पण त्यावरची एक्स्पायरी बघा, आणि धुराचा अलार्म म्हणजे तो नव्हे.

आणि सेन्सर काढायला फोन करायच्या आधी खालचं झाकण उघडून दोन मोठे सेल बदलून बघा. निम्म्या वेळा तेवढंच असतं. सेल नवीन असूनही चार-पाच मिनिटांनी बंद पडत असेल तर वर खिडकीकडे बघा, कुणीतरी काहीतरी चिकटवलेलं असतं.